पलंगाखालचं बेणं

व्हॅन आली तेव्हा मी फाटक उघडून उभा होतो. आठवड्यातून तीनदा चर्चची व्हॅन माझ्या बायकोला, मोझेलला, विल्सन गावच्या दवाखान्यात डायलिसिससाठी घेऊन जायची आणि दुपारी परत आणून सोडायची. उतरताना तिला हात द्यावा लागे. मी हात पुढे केला, पण तिच्या बाजूचं दार उघडलंच नाही. पलीकडून डीकन आर्टिस उतरला. व्हॅन तोच चालवतो, चर्चची बाकी कामंही तोच बघतो. टोपी त्याने आधीच काढलेली होती आणि मोझेलची पिशवी त्याच्या काखेत होती.

"ब्रदर वॉर्डेल," तो म्हणाला, "जरा आत बसू या."

"मोझेल कुठाय?"

"आत बसू या ना."

"आर्टिस, माझी बायको कुठाय?"

मग त्याने तिथेच सांगितलं. सुया काढून झाल्या होत्या. ती खुर्चीतून उठली, नर्सला काहीतरी म्हणाली, नर्स हसली, आणि मोझेल परत खाली बसली ती बसलीच. हृदय थांबलं. दवाखान्यातल्यांनी मला खूप फोन केले. फोन स्वयंपाकघरात टेबलावर पडलेला होता आणि मी घरामागे रताळ्यांत होतो. सकाळी निघताना तीच म्हणाली होती, "रताळ्यांत हरळी माजलीय, तेवढी काढून टाक. नुसता बसून राहू नकोस." माझी अर्धी ओळ काढून झाली होती. हात मातीने भरले होते. डीकन आर्टिसने माझे तेच हात हातात घेतले आणि प्रार्थना म्हटली. मला त्यातला एक शब्द आठवत नाही.

उरलेली हरळी मी काढली नाही.

ही रताळी दुकानात मिळत नाहीत, हे सांगायला हवं. आमच्या भागात मैलोन्‌मैल रताळ्यांचीच शेती आहे, पण ती सगळी केशरी, ट्रकमध्ये भरून जाणारी. मोझेलची पांढरी. वरून वेडीवाकडी, आतून फिक्या सायीच्या रंगाची. तिच्या पणजीने दुसऱ्याच्या शेतातलं घर सोडताना एप्रनच्या ओच्यात बांधून आणली म्हणतात. पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे, आईकडून मोझेलकडे. दर वर्षी काढणी झाली की त्यातली बारीक बारीक बाजूला ठेवायची. ते बेणं. मार्चमध्ये ते वाफ्यात पुरायचं, कोंब हातभर झाले की तोडून सरीत लावायचे. एक वर्ष चुकलं की संपलं. आणि हे बेणं घराबाहेर द्यायचं नाही, असा आजीचा दंडक होता. खायला कितीही घेऊन जा, लावायला एकही मिळणार नाही. मोझेलने तो सख्ख्या बहिणीच्या बाबतीतही पाळला.

आमच्याकडे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला कोणी काय आणायचं हे ठरलेलं असतं. त्यात कोणी ढवळाढवळ करत नाही. मोझेलची बहीण लॉसी कोलार्डच्या पानांची भाजी करणार. टर्की डीकन आर्टिसची बायको भाजून पाठवणार. एका वर्षी जावयाच्या बहिणीने कोणाला न विचारता मॅकरोनी आणली, त्यात ब्रोकोली घातलेली होती. ते भांडं जसं आलं तसं भरलेलं परत गेलं आणि तिला पुन्हा कोणी काही आणायला सांगितलं नाही. रताळी मोझेलची. सालासकट उकडायची, गरम असतानाच सोलायची, जाड चकत्या करून निळ्या एनॅमलच्या पसरट भांड्यात थर लावायचे, त्यावर लोणी, साखर, जायफळ, थोडी लिंबाची साल, आणि कडा काळपट होईपर्यंत भट्टीत ठेवायचं. एवढंच. लोक टर्की सोडून आधी त्या भांड्याकडे हात न्यायचे.

दफन झालं त्या दिवशी, लोक गाड्यांकडे निघाल्यावर, लॉसी माझ्याजवळ आली. लॉसी मोझेलहून मोठी आहे, काठी घेऊन चालते, आणि तिचं बोलणं त्या काठीसारखंच आहे.

"वॉर्डेल, बेण्याचं काय?"

"आत्ता?"

"मग कधी? मी गावातल्या त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहते. तिथे खिडकीत एक कुंडी ठेवू देतात, ती पण विचारून. माझ्याकडे जमीन नाही. तुझ्याकडे आहे. आईची एवढीच गोष्ट आता जमिनीत राहिलीय."

"सांभाळीन."

"मोझेलच्या शपथेवर सांग."

मी सांगितलं. त्या दिवशी मला कोणी काहीही करायला सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण हे मी मनापासून म्हटलं. मला दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

सप्टेंबरात हरणांनी वेल खाल्ले. हरळीने उरलेलं गिळलं. पहिलं दव गोठायच्या आधी मी खणून काढली तेव्हा एक लाकडी खोकंसुद्धा भरलं नाही. मोठी होती तेवढी एक भांडं भरण्यापुरती आणि बारीक वाफ्यापुरती. मी लॉसीला फोन केला.

"एवढीच?"

"एवढीच."

"बरं, बेण्यापुरती आहेत ना? मग झालं. आठवडाभर शेगडीजवळ मुरू दे. मग ती ठेवायची तिथे ठेव."

मोझेल खोकं पलंगाखाली ठेवायची. पाइनच्या वाळलेल्या, सुयांसारख्या पानांमध्ये रचून, वरून जुनी चादर. लग्नापासून मी रताळ्यांवर झोपत आलो होतो. का तिथेच, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी चाळीस वर्षं तंबाखूच्या गोदामात काम केलं. बाग तिची होती.

आठवड्याने मी खोकं उचललं आणि आमच्या खोलीत गेलो. मोझेल ऑगस्टात गेली तेव्हापासून मी त्या खोलीत झोपत नव्हतो. बाहेरच्या खोलीत, घराला ऊब देणाऱ्या लाकडाच्या शेगडीजवळ, खुर्ची आहे, तिथेच पाय लांब करून पडायचो. कपडे आणायला गेलो तर गेलो, नाहीतर दार लावलेलं. तिची उशी तशीच होती. तिच्या बाजूची वर सरकणारी खिडकी चार बोटं उघडी होती. त्या दिवशी सकाळी विल्सनला जाण्याआधी तिनेच ती वर केली होती, उकडत होतं म्हणून. मी खोकं पलंगाखाली सरकवलं, चादर घातली, आणि खिडकीला हात न लावता बाहेर आलो. दार लावून घेतलं.

आमची मुलगी रेनिटा नवऱ्यासोबत, डॅरिलसोबत, शार्लट शहरात असते. नोव्हेंबरात तिचा फोन आला.

"डॅडी, या वर्षी तुम्हीच इकडे या. डॅरिल येऊन घेऊन जाईल तुम्हाला."

"तुम्ही या. रताळी मी करणार आहे."

"तुम्ही?" ती हसली. "डॅडी, तुम्हाला अंडं उकडता येत नाही. रताळी डब्यातली आणली तरी चालतील. मी वरून मार्शमेलो घालते. कोणी काही म्हणणार नाही."

"तुझी लॉसी मावशी म्हणेल."

"मावशी तर येशूलाही म्हणेल."

"तुम्ही या," मी म्हटलं. "तुझ्या आईचं भांडं टेबलावर असणार आहे."

पलीकडे तिने डॅरिलला काहीतरी विचारलं. मग म्हणाली, "येतो आम्ही."

त्या आठवड्यात थंडी पडली. अंगणातल्या बादलीवर सकाळी बर्फाची साय दिसायची. मी शेगडीत लाकडं जास्त घालू लागलो.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळीच डीकन आर्टिसने लॉसीला आणून सोडलं. तिच्याकडे कोलार्डचं पातेलं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि काठी गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"मी कशाला हात लावणार नाही," ती म्हणाली. "शपथ तू घेतलीस. करशील ते तू."

मी पलंगाखालून मोठी रताळी टोपलीत काढून आणली, अंधारातच, हाताने चाचपून. बारीक होती ती खोक्यात ठेवली. मोठी धुतली, पातेल्यात घातली.

"मीठ घातलंस?"

"रताळ्यात मीठ?"

"इतकी वर्षं ताट चाटूनपुसून खाल्लंस. कधी डोकावून नाही बघितलंस ती काय घालते ते?"

"डोकावलं की लाटणं दाखवायची."

"शहाणी होती," लॉसी म्हणाली, आणि आम्ही दोघं थोडे हसलो. ऑगस्टनंतर त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच कोणी हसलं असेल.

पाणी उकळलं. मी ओट्याशी उभा राहिलो. लॉसी जुन्या गोष्टी सांगत होती, मोझेल लहानपणी कच्चं रताळं चोरून खायची आणि मग पोट धरून बसायची, ते. बराच वेळ गेला.

"झालं असेल. काटा टोचून बघ."

मी टोचला. "शिरतोय. मग अडतोय."

"अजून राहू दे."

अजून राहू दिलं. पाणी आटलं म्हणून वरून घातलं. परत टोचून पाहिलं. तसंच.

"चूल पेटवलीस ना रे? की पातेलं नुसतंच ठेवलंयस?"

"उकळतंय की समोर."

"दगड आणलेस की काय खणून?"

"लॉसी, तूच बघ."

आपलंच बोलणं विसरून ती उठली. एक रताळं काट्याने बाहेर काढलं, फळीवर ठेवलं आणि सुरी घातली. बाहेरचं मऊ झालं होतं. मध्ये आल्यावर सुरी थांबली. तिने जोर देऊन कापलं. आतला गाभा कच्च्या सलगमसारखा होता. तिने दुसरं कापलं. मग तिसरं. तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली.

"हे गारठलंय, वॉर्डेल."

"म्हणजे?"

"रताळ्याला थंडी लागली की त्याचा गाभा मरतो. मग दिवसभर उकळलंस तरी शिजायचं नाही. कुठे ठेवलं होतंस?"

"ती ठेवायची तिथेच."

"पलंगाखाली?"

"हो."

"मग शेगडी विझली होती का?"

"एक दिवसही नाही. रात्रंदिवस पेटती आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग काठी टेकत बाहेरच्या खोलीतून गेली, शेगडीच्या बाजूने, आणि आमच्या खोलीचं दार ढकललं. मी तिच्या मागे होतो. दारातून जो गारवा आला तो माझ्याही पायाला लागला. सकाळी घाईत मला तो जाणवला नव्हता. की जाणवला होता आणि मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं, हे मला आता सांगता येणार नाही.

"दार लावलेलं असायचं?"

"हो."

"मोझेल कधी दार लावायची नाही. ऊब आत यावी म्हणूनच तर..." मग तिला खिडकी दिसली. पडदा हलत होता. "आणि ही?"

"ती तिने उघडली होती," मी म्हटलं.

लॉसीने खिडकीकडे पाठ केली. तिने मला खोकं बाहेर ओढायला लावलं. वाकता येत नाही म्हणून पलंगावर बसली, मोझेलच्या बाजूला, आणि मी तिच्या हातात एक एक बेणं देत गेलो. वरून ती बरी दिसत होती. काहींवर बारीक खड्डे पडले होते, सुई टोचल्यासारखे. ती अंगठ्याने दाबायची. मग तिने एक मोडलं. आत राखाडी डाग पसरले होते. दुसरं मोडलं. तळाशी एक दोन तर पाणी सुटून सुयांना चिकटली होती.

"सगळीच?"

"वरून चांगलीच दिसतात. कुजतात नंतर." तिने हातातलं खाली ठेवलं. "याला आता कोंब येणार नाही."

"एखादं तरी?"

"मला का विचारतोस? मी काय देव आहे?"

मी जमिनीवर बसलो होतो, खोक्याशेजारी.

"पणजीने ओच्यात आणलं," लॉसी म्हणाली. "जमीन नव्हती तेव्हा बादलीत लावलं. एक वर्ष पूर आला, आईने ते डोक्यावर घेऊन पाण्यातून आणलं. चार बायांच्या हातून आलं, आणि..."

"म्हण."

"नाही म्हणत."

"म्हण ना, लॉसी."

"आणि तुझ्या हातात आलं."

ती उठली आणि तिने खिडकी खाली ओढली. चौकट फुगली होती, तिला जोर लावावा लागला. मी तिला अडवलं नाही. मदतही केली नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "पोरगी निघाली असेल. जे आहे ते लाव भांड्यात."

मी रताळी सोलली. गाभा काढून टाकला आणि भोवतीचं जे मऊ होतं ते कापून निळ्या भांड्यात रचलं. थर कसले, भांड्याचा तळ कसाबसा झाकला. गाभ्याच्या कडेचे काही कठीण तुकडे त्यात गेलेच असतील. लोणी घातलं, साखर घातली, जायफळ किसलं. लॉसी बसल्या जागेवरून म्हणाली, "अजून थोडं जायफळ." मी घातलं. भट्टीतून वास आला तेव्हा तो अगदी तोच होता. वास येण्यात त्या रताळ्यांनी काही कसूर केली नव्हती.

रेनिटा आणि डॅरिल दुपारी आले. डॅरिलच्या हातात डब्यातल्या रताळ्यांचं भांडं होतं, वर पांढऱ्या मार्शमेलोंचा थर.

"असू दे म्हणून आणलं, डॅडी," रेनिटा म्हणाली. "नाही म्हणजे, लागलं तर."

"गाडीत मागच्या सीटवर ठेवून ये," लॉसी म्हणाली.

"मावशी!"

"ठेव टेबलावर," मी म्हटलं. "लागेल."

टेबलाभोवती हात धरून आम्ही उभे राहिलो. आमच्याकडे जेवणाआधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची असते, देवाचे आभार कशाबद्दल ते. डॅरिलने नव्या घराबद्दल मानले. रेनिटाने तिच्या आईबद्दल मानले. लॉसी म्हणाली, गुडघे अजून वाकतात त्याबद्दल, उजवा थोडा कमी. माझी पाळी आली. माझ्या एका हातात मुलीचा हात होता आणि दुसऱ्या हातात लॉसीचा. मी शोधलं. मला एकही गोष्ट सापडली नाही.

"आमेन," लॉसी म्हणाली, आणि सगळे बसले.

रेनिटाने आधी निळ्या भांड्याकडे हात नेला. मोठा घास घेतला. डोळे मिटले.

"डॅडी! अगदी ममासारखं." मग ती चावत राहिली. "यात कडक काय लागतंय?"

"पेकानचे दाणे," लॉसी म्हणाली.

"ममा कधी पेकान घालायची नाही."

"या वर्षी घातलेत. जेव."

डॅरिल बिचारा दोनदा घेऊन जेवला. जेवणभर मी ताटाकडे बघत होतो. मला वाटत होतं, आता हे आवरलं की दोघं निघतील, आणि मग जे काय असेल ते माझं आणि लॉसीचं. पण रेनिटाने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "डॅडी, एक मागायचंय."

"माग."

"नव्या घराला मागे अंगण आहे. ऊन येतं. मी ममाला कधी मागितलं नाही, म्हटलं अपार्टमेंटमध्ये कुठे लावू, आणि तिने दिलंही नसतं. पण आता तुम्ही एकटेच आहात, आणि मला वाटतं..." ती मावशीकडे बघून म्हणाली, "मावशी, तू रागावू नकोस. मला थोडं बेणं हवंय. पाच-सहा. मी शिकेन. तुमच्याकडे एखाद्या वर्षी बिघडलं तर माझ्याकडे असेल. आजच नेते गाडीतून."

लॉसी तिच्या कोलार्डमध्ये काटा फिरवत राहिली. तिने वर पाहिलं नाही. ते काम तिने माझ्यावरच सोडलं.

"आज नको," मी म्हटलं. "बाहेर थंडी आहे. गाडीत गारठतील."

"मी मांडीवर घेईन ना."

"नको. रताळ्याला थंडी लागली की त्याचा गाभा मरतो. वरून काही कळत नाही. वसंतात ये. कोंबच देतो."

"बघ," रेनिटा डॅरिलला म्हणाली, "डॅडींना सगळं माहीत आहे. उगाच म्हणायचे, बाग तिची, बाग तिची."

ते गेल्यावर लॉसी भांडी पुसायला उभी राहिली. निळं भांडं तिने स्वतः घासलं.

"तिला सांगणार कधी?"

"सांगेन."

"मी सांगू?"

"नको. मी सांगेन."

मार्चमध्ये लॉसीच्या हट्टाखातर आम्ही वाफा केला. खोक्यातली जी अजून हातात अखंड राहत होती ती वाळूत लावली, वर पाइनच्या सुया पसरल्या, त्यावर जुनी काचेची चौकट ठेवली. लॉसी खुर्ची टाकून बसली होती, शेजारी डीकन आर्टिस उभा. कोणी चेष्टा केली नाही. दोन आठवड्यांनी वास यायला लागला. मी हात घालून पाहिलं तर बोटं आत गेली. सगळं खणून ओढ्याच्या कडेला टाकलं आणि वाळू पसरून दिली.

आता मे आहे. शेजारच्या शेतांत मोठ्या यंत्रांनी केशरी रताळ्यांचे कोंब लावून झाले. घरामागची मोझेलची सरी मोकळी आहे, हरळी परत आली आहे.

दर रविवारी रेनिटाचा फोन येतो. तिने अंगणात माती तयार करून ठेवली आहे, खत घातलं आहे, फोटो पाठवला आहे. ती विचारते, "डॅडी, आले का कोंब?"

मी म्हणतो, "जमीन अजून गार आहे."

तिला अजून सांगितलेलं नाही.